गाणं जुंपावं, तसं सोडावंही

दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्या दुकानात मोबाइलपेक्षा मेमरी कार्डं जास्त यायची. पुणे-नाशिक रस्त्यावर, मंचरच्या अलीकडे आमचं पेठ. रस्त्याला लागून दहा बाय बाराचा गाळा, आत एक कॉम्प्युटर, दोन खुर्च्या आणि संध्याकाळी दारात ताटकळलेली माणसं. 'दादा, कार्ड भरून द्या.' काय भरू विचारलं की उत्तर ठरलेलं, 'काही पण भरा, पण वाजलं पाहिजे.' ट्रॅक्टरवाला, डेअरीला दूध घालून परतणारा पोरगा, पोलीस भरतीची तयारी करणारा, वऱ्हाडाची जीप चालवणारा, सगळ्यांची मागणी एकच. वीस-तीस रुपयांत तीनशे गाणी. हा उद्योग कायद्यात बसणारा नव्हता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आठ-पंधरा दिवसांत तीच माणसं परत यायची. 'हे काढा आता, कंटाळा आला. दुसरं भरा.' तीनशे गाण्यांचा पंधरा दिवसांत कंटाळा! अपवाद फक्त एका आजींचा. त्यांच्या छोट्या स्पीकरच्या कार्डात मी काकडा, हरिपाठ आणि थोड्या गवळणी भरून दिल्या होत्या. त्या दोन वर्षांनी आल्या, त्याही स्पीकरची पिन सैल झाली म्हणून. मी विचारलं, 'आजी, नवीन काही भरू का?' तर म्हणाल्या, 'कशाला? पहाटं काकडा लागतो, दिवेलागणीला हरिपाठ. मधी मला येळ कुठं हाय?'

माझा धंदा मला त्या दिवशी कळला. बाकीचे गाणं सकाळपासून रात्रीपर्यंत जुंपून ठेवायचे. जुवाखालून न सोडलेला बैल काही वेळानं ओढत नाही, नुसता उभा राहतो. तसं त्यांचं गाणं नुसतं वाजत राहायचं. आजी कामापुरतं जुंपायच्या आणि सोडून द्यायच्या. मनाला उभारी देणं, अंगात जोर आणणं, रडू मोकळं करणं, झोप लावणं, एवढी सगळी कामं गाणं करतं. पण एका वेळी एकच करतं आणि त्यालाही विसावा लागतो.

आपल्या जुन्नर-आंबेगावात 'नाद' हा शब्द सुरांपेक्षा बैलगाड्यांसाठी जास्त वापरला जातो. अमक्याला गाड्याचा नाद आहे म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. आवाज आणि व्यसन या दोन्हींना भाषेनं एकच शब्द ठेवलाय, तो उगाच नसावा. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात २०११ साली लोकांना त्यांची आवडती गाणी ऐकवून त्याच वेळी मेंदूची तपासणी केली गेली. अंगावर काटा आणणाऱ्या जागेला मेंदूत डोपामीन सुटताना दिसलं. भूक लागलेल्याला जेवण मिळालं की सुटतं, तेच हे द्रव्य. गंमत अशी की ती जागा येण्याआधी, 'आता येणार, आता येणार' या वाट पाहण्यातही ते सुटत होतं. मला यावरून वाटतं ते असं, की वाट पाहायला जागाच ठेवली नाही तर गाण्यातली अर्धी मजा आपणच घालवतो. लग्नसराईत एकच गाणं दिवसातून चाळीसदा कानावर पडलं की ज्येष्ठात ते नकोसं होतं, हे कोणीही सांगेल.

कामाला गाणं लावून देणं आपल्याकडे जुनंच आहे. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघी जणी, खुंट्याला दोघींचे हात, आणि पाळूच्या फेऱ्याला बांधलेली ओवी. ओवीची लय ही हाताची आणि श्वासाची लय होती, त्यामुळे दम लागायच्या आत ओळ संपायची. भात-बाजरी कापताना भलरी, मोटेवर मोटेची गाणी, पश्चिमेला भीमाशंकरच्या बाजूला आवणीच्या चिखलात आवणीची गाणी. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहस्थळावर ऐकायला मिळतात. एखाद्या संध्याकाळी आई नाहीतर आजीला शेजारी बसवून त्यातल्या चार ऐका. पाचवी तीच म्हणून दाखवेल, आणि तेव्हा फोनचं रेकॉर्डिंग चालू असू द्या. सासरची तक्रार, भावाची वाट, पोराची काळजी, हे सगळं त्या बायका पहाटे दळणाबरोबर मोकळं करायच्या. गिरणी आली, हात मोकळे झाले, हे चांगलंच झालं. फक्त ती बोलायची जागा गेली आणि तिच्या बदल्यात काही आलं नाही.

इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हीच गोष्ट कारखान्यांसाठी ठरवून केली गेली. जून १९४० मध्ये बीबीसीनं कामगारांसाठी रेडिओवर 'म्युझिक व्हाइल यू वर्क' हा कार्यक्रम सुरू केला. सकाळी अर्धा तास, दुपारी अर्धा तास. दिवसभर नाही, हे मुद्दाम लक्षात घ्या. संथ आणि ठेका डळमळणारी गाणी टाळायची, असाही दंडक होता. एका लोकप्रिय अमेरिकी गाण्यात टाळ्या वाजवायची जागा होती. कामगार हातातली अवजारं आपटून ठेका धरतील या धास्तीनं ते गाणं या कार्यक्रमातून वगळलं गेलं.

आमच्या वावरात मी हेच पाहिलं, फक्त उलट बाजूनं. आमचं सातगाव पठार बटाट्याचं. एका खरिपात काढणी चालू होती. औतानं सरी फोडली की मागून बायका पाट्या घेऊन वेचत येतात. पुतण्यानं फोनवर डीजेचं रिमिक्स लावलं आणि फोन रिकाम्या पातेल्यात ठेवला. पातेल्यात आवाज घुमतो, स्पीकरची गरज राहत नाही. पहिला अर्धा तास हात असे चालले की मला वाटलं आज चारलाच काम उरकतं. मग मी मागं वळून सरीत पाय घातला तर जागोजाग मातीत बटाटे तसेच. ठेक्याच्या नादात वरवरचं उचललं जात होतं आणि माती चाचपायला कोणी थांबत नव्हतं. अकराच्या सुमाराला एक आत्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. 'बाळा, ते बंद कर आधी, डोकं उठलंय माझं.' बंद केलं. थोडा वेळ नुसता मातीचा आवाज. मग त्यांनीच हळू आवाजात एक गवळण धरली, दोघी-तिघींनी उचलली. जेवायच्या सुट्टीपर्यंत हात संथच चालले, पण एकदाही थांबले नाहीत. संध्याकाळी पिशव्या मोजल्या तर नेहमीइतक्याच भरल्या. मागं मातीत राहिलेला माल मात्र सकाळच्या सऱ्यांपेक्षा पुष्कळ कमी निघाला.

तेव्हापासून आमच्याकडे वाटणी अशी झाली. पिशव्या उचलून गाडीत भरायच्या असल्या की हवं ते दणकेबाज लावा, पंधरा-वीस मिनिटं, गाडी भरली की बंद. वेचणं, निवडणं, खुरपणं अशा नजरेच्या कामाला संथ आणि एकसारख्या लयीचं, किंवा आपलंच गाणं. औषध फवारायला जाताना आणि औषधाचं माप घेताना काहीच नाही. हिशेब लिहितानाही नाही. एकदा गाणं ऐकत पट्टी लिहिली आणि हमाली दोनदा धरली. ती चूक ज्याच्या खात्यावर गेली त्यानं मला दोन वर्षं ऐकवलं.

लय मोजायची सोपी रीत आहे. गाणं लावा, घड्याळात १५ सेकंद पाहा, तेवढ्यात ठेक्याचे किती ठोके पडतात ते मोजा आणि चारनं गुणा. मिनिटाला ६० ते ८० ठोके म्हणजे विसाव्याचं गाणं. ११०-१२० म्हणजे झपझप चालण्याचं. पळताना पावलं मिनिटाला साधारण १६० ते १८० पडतात, तेव्हा तेवढ्या ठोक्यांचं किंवा बरोबर निम्म्या, म्हणजे ८०-९० ठोक्यांचं गाणं घ्यावं. एका ठोक्याला दोन पावलं बसतात. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातले कॉस्टास कॅराजिऑर्गिस यांनी व्यायाम आणि संगीत या विषयावर बरीच वर्षं काम केलं आहे. त्यातली कामाची गोष्ट अशी : पाऊल आणि ठेका जुळला की तेवढीच मेहनत हलकी वाटते. पण हे मध्यम वेगापर्यंतच. छाती फुटायला आली की मेंदूला फक्त श्वास ऐकू येतो, गाणं मागं पडतं.

पोलीस भरतीच्या पोरांना म्हणून मी एक गोष्ट कायम सांगतो. मैदानात १६०० मीटर धावायचं असतं, मुलींना ८००. तिथं कानात काही घालू देत नाहीत. सहा महिने गाण्याच्या आधारानं पळालेला पोरगा त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःचा श्वास ऐकतो आणि बावरतो. म्हणून आठवड्यातले निम्मे दिवस गाण्याशिवाय पळा. गाणं आधीच्या दहा मिनिटांसाठी ठेवा, बूट बांधताना आणि अंग मोकळं करताना. रोज तेच एक गाणं. महिनाभरात असं होतं की त्याचे पहिले चार ठोके ऐकले की पाय आपोआप उठतात. कंटाळलेल्या सकाळी 'पळायला जाऊ की नको' हा वाद मनाशी घालत बसायचा नाही, गाणं लावायचं आणि लेस बांधायची. आणि दुसरं, रस्त्यावर पळू नका. पहाटेच्या अंधारात कानात इअरफोनचे बोळे घालून हायवेच्या कडेनं पळणारी पोरं पाहिली की माझ्याच पोटात गोळा येतो.

अभ्यासाचं वेगळं. १९९३ साली 'नेचर' या साप्ताहिकात एक छोटा प्रयोग छापून आला. कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवल्यावर आकृत्यांच्या एका चाचणीत त्यांचे गुण थोडे वाढले, आणि तो परिणाम पंधरा मिनिटांच्या आसपास टिकला. एवढ्यावर जगभर गवगवा झाला की मोझार्टनं पोरं हुशार होतात. सीडी खपल्या, गरोदर बायकांना ऐकवल्या गेल्या. पुढे २००१ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं की जादू मोझार्टची नाही. प्रसन्न, चपळ गाण्यानं मूड सुधारतो, तरतरी येते, आणि तरतरीत माणूस चाचणी बरी सोडवतो. म्हणजे आपली एखादी उडत्या चालीची गवळणही ते काम करील. मात्र ती अभ्यासाच्या आधी ऐकायची. वाचताना आणि पाठ करताना शब्द असलेलं गाणं लावलं की डोक्यातली शब्दांची जागा दोघांनी मागितल्यासारखं होतं. पुस्तकातल्या ओळी आणि गाण्यातल्या ओळी एकाच दारातून आत घुसू पाहतात. घरात टीव्ही चालू असेल, शेजारी भांडण असेल, तर बासरी किंवा सतार हळू आवाजात लावून तो कल्ला झाका. घर शांत असेल तर शांतताच बरी. गणितं सोडवताना थोडं चालतं, इतिहास पाठ करताना अजिबात नाही.

आता जरा अवघड गोष्ट. मन खाली गेलेलं असताना काय ऐकावं?

दुकानात एक मुलगा यायचा. लग्न मोडलेलं. त्याला सगळी रडकी गाणीच हवी असायची. मी शहाणपणा करून मधे दोन नाचाची घातली, तर दुसऱ्या दिवशी कार्ड टेबलावर टाकून गेला. चूक माझी होती. रडणाऱ्या माणसासमोर कोणी ताशा वाजवत नाही. आधी त्याच्याजवळ बसतात, मग पाणी देतात, मग बोलतं करतात. १९४८ च्या सुमाराला अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ आयरा अल्टशुलर यांनी संगीतोपचाराचं एक तत्त्व मांडलं होतं : रुग्णाचं मन आत्ता जिथं आहे तिथलंच संगीत आधी लावा, आणि मग हळूहळू त्याला हवं तिकडे न्या. संगीताचे उपचार करणारे आजही हे पाळतात.

यासाठी आपल्याला अमेरिकेपर्यंत जायचं काम नाही. गावचं भजन ऐका. सुरुवातीला 'जय जय रामकृष्ण हरी' इतकं संथ, की मागून येणाऱ्याला टाळ काढून बसायला वेळ मिळावा. दिवसभर राबून आलेली माणसं असतात ती, त्यांच्या थकव्याच्याच लयीत गजर सुरू होतो. मग रूपाचा अभंग, मग लय चढत जाते, पखवाजवाला सरसावून बसतो, आणि तासाभरानं तीच थकलेली माणसं उभी राहून पावली खेळत असतात. शेवटी पुन्हा लय उतरते, आणि माणूस घरी जाऊन झोपू शकतो. तमाशाचंही तसंच. पेठहून मंचर ओलांडून पुढे गेलं की नारायणगाव, तमाशाची पंढरी. यात्रांचा हंगाम आला की तिथं फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. खेळात आधी गण, मग गवळण, मग बतावणी, आणि माणसं पुरती रंगली की वग. पहिल्याच मिनिटाला वग लावणारा फड मी पाहिलेला नाही. त्याच नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग यांना १९६२ च्या चीनच्या युद्धाच्या वेळी सीमेवरच्या जवानांसमोर नेण्यात आलं होतं. थंडीनं गारठलेल्या आणि घराच्या आठवणीनं व्याकूळ झालेल्या माणसांसमोर लावणी कुठून उचलायची, हे त्या बाईंना कोणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं.

तेव्हा खिन्न असाल तर यादी अशी लावा : दोन गाणी दुःखाची, मनापासून ऐका, डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या. तिसरं शांत, पण रडकं नसलेलं. चौथं चालीनं थोडं पुढचं, पाचवं असं की ज्यावर भांडी घासता येतील किंवा दारापुढे फेरी मारता येईल. पाचव्याला उठायचंच. त्या मुलाला मी पुढे असंच कार्ड भरून दिलं, न सांगता. ते त्यानं परत आणलं नाही.

मात्र एक खूण लक्षात ठेवा. दुःखाची गाणी ऐकून हलकं वाटत असेल तर ती औषध आहेत. तीच तीच ऐकून तोच तोच विचार घोळत असेल, ऐकून झाल्यावर आधीपेक्षा जड वाटत असेल, तर ती जखम खाजवणं आहे, बंद करा. आणि दोन आठवडे झाले तरी मन वर येत नसेल, झोप-भूक गेली असेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, तर ते गाण्याचं काम नाही. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं. हा क्रमांक मी दुकानाच्या काचेवर रिचार्जच्या दरांशेजारी चिकटवलाय. वाचणारे वाचतात, विचारत कोणी नाही. पण एकदा एकानं त्याचा फोटो काढलेला मी पाहिला.

आता कानात घालायच्या बोळ्यांबद्दल. मी ते विकतो, त्यामुळे माझं ऐका. आपल्याकडे शेतीची लाइट एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. रात्री दोनला पाणी भरायला गेलं की एकटं वाटतं, झोप येते, भीतीही वाटते, म्हणून माणूस कानात गाणी घालतो. मीही घातली होती. बांधावर बसून ऐकत राहिलो, आणि दारं फुटून पाणी अर्धा तास शेजारच्या काकांच्या कांद्यात जात राहिलं. काका हाका मारत होते म्हणे. सकाळी त्यांनी जे ऐकवलं ते कुठल्याही कार्डात भरण्यासारखं नव्हतं.

पण पाण्याचं एक वेळ ठीक. आपला जुन्नर-आंबेगाव हा बिबट्यांचा मुलूख आहे. उसात त्यांची पिल्लं वाढतात, माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे. रात्री बाहेर पडताना एकट्यानं जाऊ नका, बॅटरी आणि काठी घ्या, मोठ्यानं बोला, मोबाइलवर गाणी वाजवत चाला, असं वनखातं कायम सांगत असतं. कारण सरळ आहे. माणूस येतोय हे आधी कळलं तर बिबट्या बहुधा बाजूला होतो. आता पाहा, तेच गाणं, तोच फोन. उघड्यावर वाजलं तर राखण, कानात घातलं तर आपल्यालाच बहिरं करणार. उसाच्या कडेनं कानात बोळे घालून जायचं नाही, हे घरातल्या प्रत्येकाला बजावून ठेवा. रात्रीच्या या कामाला गाण्यापेक्षा बोलणं ऐकावं असं माझं मत आहे. कीर्तन, कथा, भारूड, वगनाट्य, काहीही. माणसाच्या बोलण्याला ऐकणारा जागा राहतो. एकसुरी गाण्यावर तासाभरात मान पडते.

गाडीतही तेच. इस्रायलमधल्या बेन-गुरियन विद्यापीठात चालकांना गाडीसारख्या यंत्रावर बसवून वेगवेगळ्या लयीची गाणी ऐकवली, तेव्हा लय वाढली तसा वेग वाढला, चुकाही वाढल्या. आपला अवसरी घाट उतरताना पायाखाली काय चाललंय हे गाण्याला ठरवू देऊ नका. घाट सुरू झाला की आवाज निम्मा, आणि गाडीत लहान मूल झोपलेलं आहे असं समजायचं.

आवाजाबद्दल थोडकंच, कारण ऐकणारे ऐकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर कानाला धोका नाही. ९० डेसिबल झाला की ती मुदत ४ तासांवर येते. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीसमोर तर काही मिनिटांतच आठवड्याचा कोटा संपतो. २००० सालच्या नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. माझी स्वतःची रीत साधी आहे. समोरचा हाताच्या अंतरावर उभा राहून नेहमीच्या आवाजात बोलला आणि ऐकू आलं नाही, तर आवाज जास्त आहे. घरी आल्यावर कानात किर्र वाजत असेल तर दुसऱ्या दिवशी कानात काही घालायचं नाही. छाती हादरली म्हणजे उत्साह आला, असा एक समज आपल्या पोरांत पसरलाय. हलगीनंही अंग उसळतं, लेझीमच्या मागे तर म्हातारेही पाय उचलतात. पण हलगी वाजवणारा माणूस दमतो, हात थांबवतो, विडी पितो. तेवढ्यात कानही विसावतात. यंत्र दमत नाही, हीच पंचाईत.

ज्यांना एवढं सगळं नको त्यांनी एकच करा. फोनमधल्या याद्यांना गायकांची नावं देऊ नका, कामांची द्या. 'दूध', 'पळणं', 'भरणी', 'निजणं'. प्रत्येकात पाच-सात गाणी पुरे. 'निजणं'मध्ये तीच तीच संथ गाणी रोज त्याच वेळी, फोन उशाखाली न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आणि अर्ध्या तासानं आपोआप बंद होण्याची वेळ लावून. ती सोय बहुतेक फोनमध्ये असते. सापडली नाही तर कोणत्याही मोबाइलच्या दुकानात फुकट लावून देतात, न दिल्यास पेठला या.

'दूध' या यादीची कथा सांगायची राहिली. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी २००१ साली दुभत्या गाईंना संथ आणि जलद अशी दोन्ही प्रकारची गाणी ऐकवून पाहिली. संथ गाण्यांवर गाईमागे दिवसाला सुमारे पाऊण लिटर दूध जास्त मिळालं, असं त्यांनी सांगितलं. हे मी कुठंतरी वाचलं आणि गोठ्यात फोन टांगला. एकच संथ भूपाळी, रोज पहाटे साडेपाचला. पाऊण लिटर काही वाढलं नाही, खरं सांगतो. वाढलं ते वेगळंच. माझी चिडचिड कमी झाली, आणि बायको म्हणते त्याप्रमाणे मी गाईवर ओरडायचा थांबलो. आमची गाय गंगीही भूपाळी लागली की कान हलवून मागचा पाय नीट रोवून उभी राहायला लागली.

एका पहाटे लाइट नव्हती, फोन रात्रीच मेलेला. मी बादली घेऊन गोठ्यात गेलो तर गंगी अस्वस्थ, पाय झाडते, कास धरू देत नाही. बायको चुलीवरचं पाणी ठेवून आली, गाईच्या मानेवर हात फिरवत तीच भूपाळी गुणगुणायला लागली. ती जन्मात कधी गायली नाही, सूर कुठल्या कुठे. दुसऱ्या कडव्याला गंगीनं पान्हा सोडला. बादलीच्या आवाजानंही सोडला असेल. गाई बादली ओळखतात. बायकोला मी हे सांगितलं, त्यावर ती म्हणाली, 'मग उद्यापासून बादलीलाच गायला लावा.'